लक्ष्मीपुरीतली एक गल्ली, अकरा वाजताची दहाचाकी आणि दोनशे पानी वही

पार्श्वभूमी

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाई, रंकाळा, महाद्वार रोड करून जातो, लक्ष्मीपुरीत सहसा येत नाही, आणि चुकून आलाच तर गाडी लावायला जागा शोधण्यातच त्याचा अर्धा तास जातो. पण शहरातल्या घरांत जी डाळ, साखर, तेल, पोहे जातात त्यातलं बरंचसं इथल्या गाळ्यांतूनच जातं. हे प्रकरण तिथल्या एका गल्लीचं. गल्लीचं नाव आणि दुकानांची नावं देत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. मी चुलत्यांच्या भुसार दुकानात बसतो आणि हे सगळं सुरू झालं तेव्हा "तू बीकॉम झालायस, तूच लिही" म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यामुळे मी काय तटस्थ माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो.

गल्ली अठरा-वीस फूट रुंद, दोन्ही बाजूंना मिळून ३८ गाळे, वरच्या मजल्यांवर जुनी राहती कुटुंबं. बाहेरगावची गाडी हायवेवरून तावडे हॉटेलपाशी शहरात शिरते, मार्केट यार्ड, कावळा नाका, दाभोळकर कॉर्नर करत व्हीनस कॉर्नरला येते आणि तिथून आमच्याकडं वळते. शेजारची शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारपेठ म्हणूनच वसवली, त्या काळात माल बैलगाडीनं यायचा, आज त्याच पट्ट्यात दहाचाकी म्हणजे दहा चाकांचा ट्रक येतो. दहाचाकी आठ फूट रुंद, दोन्ही कडांना तिरक्या लावलेल्या मोटारसायकली चार-चार फूट खातात, उरलेल्या दोन-चार फुटांत हातगाडी, रिक्षा, गिऱ्हाईक आणि चहावाल्याचं पोरगं.

त्यात अजून एक गोष्ट घडली जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी माल खाली ठेवायचं बंद केलं, साखरेची आणि डाळीची थप्पी माळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर. शहाणपणाचंच झालं ते, पण पूर्वी हमाल गाडीच्या फाळक्यापासून, म्हणजे मागच्या फळीपासून, दहा पावलांवर पोतं टाकायचा तो आता अरुंद जिना चढतो, म्हणजे एका पोत्याला जिथं मिनिट लागायचं तिथं दोन लागतात. १६ टन डाळ म्हणजे ५० किलोची ३२० पोती, सहा हमालांची टोळी धरली तर एकेकाला त्रेपन्न-चोपन्न खेपा. खाली ठेवायचं तर तासाभरात गाडी मोकळी, वर चढवायचं तर पावणेदोन तास. पुरानं आमच्या ट्रॅफिकमध्ये असा हात घातला हे आम्हालाच फार उशिरा कळलं.

नेमकी अडचण

एका मंगळवारी लातूरहून तूरडाळ घेऊन आलेली दहाचाकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती, बरोबर अकराच्या सुमाराला, म्हणजे किरकोळ दुकानदार खरेदीला येतात ती वेळ. मागून सीपीआरकडं, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याकडं, निघालेली रुग्णवाहिका अडकली. सायरन चालू, पुढं टेंपो, त्याच्यापुढं दहाचाकी, मागं रिक्षांची रांग, कुणाला मागं सरकता येईना. आठ-दहा मिनिटं गेली असतील, पण तो आवाज ऐकत दुकानाच्या पायरीवर उभं राहणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. शेवटी चार हमालांनी आणि आमच्या नोकरांनी बाजूच्या मोटारसायकली अक्षरशः उचलून गाळ्यात ठेवल्या आणि वाट केली.

ड्रायव्हरची पावती फाडली गेली. तो पन्नाशीचा माणूस, रात्रभर गाडी चालवून आलेला, पावती घडी करून खिशात घालत काकांना म्हणाला, "शेठ, दंड मी भरतो, पण उशीर तुमचा दिवाणजी करतोय की."

काका चिडले. मला मात्र ते वाक्य टोचलं कारण ते खरं होतं, दिवाणजी बँकेत गेला होता आणि माल मोजून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतले वीसेक जण जमले. सगळ्यांचं एकच, मोठ्या गाड्या बंद करा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला, "जड वाहनांस सक्त मनाई", आणि कोपऱ्यावरच्या खांबाला तारेनं बांधला. त्या बोर्डाला कायद्यानं काडीचीही किंमत नव्हती. वाहनांना बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली सरकारचा किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा, दुकानदारांच्या पेंटरचा नाही. गंमत म्हणजे बोर्ड लागल्यावर पहिली मोठी गाडी आली ती बोर्डासाठी वर्गणी देणाऱ्याचीच, साखरेची. तो म्हणाला, "आज एक दिवस चालवून घ्या."

वही

मग मी म्हटलं आधी मोजू तरी. दोनशे पानी वही घेतली, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याशेजारी एक कॉलेजचा पोरगा सहा दिवस बसवला, रोजचा भत्ता आणि चहा फुकट. वहीत चार रकाने: गाडी कधी आली, फाळका कधी उघडला, शेवटचं पोतं कधी उतरलं, गाडी कधी हलली. नुसत्या किती गाड्या आल्या एवढंच मोजलं असतं तर आम्ही परत बोर्डावरच आलो असतो.

एक ओळ जशीच्या तशी देतो. दहाचाकी, डाळ. आली १०:५०. फाळका ११:४५. शेवटचं पोतं १:०५. हलली १:४०.

म्हणजे गाडी गल्लीत १७० मिनिटं उभी, त्यात पोती उतरली ८० मिनिटं. सुरुवातीची ५५ मिनिटं टोळी दुसऱ्या गल्लीत अडकली म्हणून आणि माल घेणारा जागेवर नाही म्हणून. शेवटची ३५ मिनिटं पोचेवर सही करायला मालक जेवायला गेले म्हणून आणि वाराई म्हणजे माल उतरवायची मजुरी कुणी द्यायची यावरून ड्रायव्हर आणि दुकानदाराची हुज्जत चालली म्हणून. सहाही दिवस थोड्याफार फरकानं हेच. अर्ध्याहून जास्त वेळ गाडी नुसती उभी.

वहीच्या मागच्या पानावर त्या पोरानं आपल्या मनानं अजून एक हिशोब केला होता, सकाळी दहाला गल्लीत उभ्या असलेल्या मोटारसायकलींचा. ६४ होत्या, त्यातल्या ४१ दुकानदारांच्या आणि नोकरांच्या, म्हणजे आमच्याच. हे पान बैठकीत वाचून दाखवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एकानं विषय बदलून मिसळ कुठली मागवायची ते विचारलं.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय सरसकट बंदीचा. मोठी गाडी बाहेरच मार्केट यार्डाच्या बाजूला कुणाच्या तरी गोडाऊनला खाली करायची आणि छोट्या टेंपोनं माल आत आणायचा. ऐकायला भारी वाटतं. हिशोब मांडला तर १६ टन आणायला ४०७ टेंपोच्या सहा-सात खेपा, छोट्या हत्तीनं म्हणजे त्याहून लहान टेंपोनं आणायचं तर वीस-बावीस. एक दहाचाकी तीस-बत्तीस फूट जागा अडवते, सात ४०७ एकापाठोपाठ उभ्या राहिल्या तर शंभर फुटांच्या वर जातात. शिवाय प्रत्येक पोतं दोनदा जास्तीचं हाताळायचं, डबल हमाली, आणि हुक लागून पोती फुटतात ते वेगळंच. कागदाची अडचण मात्र आम्हाला वाटत होती तेवढी नव्हती, ट्रान्सपोर्टवाल्याच्या जागेपासून दुकानापर्यंत राज्यातल्या राज्यात पन्नास किलोमीटरच्या आतली वाहतूक असेल तर ई-वे बिलात, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात, टेंपोचा नंबर नव्यानं भरावा लागत नाही. पण पैशाचं गणित बसेना. डाळीत किलोमागं सुटतं किती आणि त्यात डबल हमाली कोण सोसणार.

दुसरा पर्याय रात्रीचा. मोठ्या शहरांत असं चालतं म्हणे. आमच्याकडं रात्री दहानंतर किल्ली कुणाकडं द्यायची इथूनच भांडण. वर राहणाऱ्या एका काकूंनी तर सरळ सांगितलं, "ते मागं घेताना गाणं वाजतंय नव्हं गाडीचं, ते रात्री बाराला वाजलं तर मी खाली येऊन चावी काढून घेणार." आणि टोळीवाले बरेचसे आसपासच्या खेड्यांतून येणारे, रात्री दोनला घरी जायचं कसं?

तिसरा पर्याय, सगळी पेठच शहराबाहेर हलवायची. हा विषय दर चार वर्षांनी निघतो आणि ज्याची स्वतःची जागा बाहेर आहे त्याच्याकडूनच निघतो. पाच मिनिटांत मिटला.

चौथा पहाटेचा. सहा ते नऊ मोठ्या गाड्या, नऊनंतर फक्त ४०७ आणि त्याहून छोट्या. सोबत गल्लीत तीन जागा पट्टे मारून माल उतरवायला कायमच्या मोकळ्या, तिथं कुणाचीही मोटारसायकल नको. आम्ही हाच घेतला. सगळ्यांना पटला म्हणून नव्हे, कमी जणांना नको होता म्हणून.

निर्णयाची पहिली जागा: हमाल

इथं आम्ही मोठी चूक केली. दुकानदारांनी दुकानदारांत ठरवलं, वेळा कागदावर उतरवल्या, झेरॉक्स काढल्या, आणि टोळीच्या मुकादमांना म्हणजे तात्यांना शेवटी सांगितलं. तात्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, वाचला, परत दिला. म्हणाले, "तुमी ठरीवलासा, आता पोती बी तुमीच उतरा."

रुसणं नव्हतं ते, साधा व्यवहार होता. टोळी नऊला कामाला लागते, पहाटे सहाला यायचं तर पाचला घर सोडायचं, बस मिळेल न मिळेल. आणि दुपारनंतर काम नसेल तर दिवसाची कमाई कशी भरायची? आमच्यातला एकजण म्हणाला दर थोडा वाढवून देऊ, तर तात्यांनी त्यालाच समजावलं की दर असा दुकानाच्या पायरीवर ठरत नाही, १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळ आहे, तिथं बोलणी होतात. त्यांना हवं होतं ते वेगळंच. टोळीचे दोन भाग करायचे, अर्धी टोळी सहा ते दोन, अर्धी नऊ ते पाच, आणि पहाटे कुठल्या गाळ्याला किती पोती हे आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं म्हणजे फुकट खेप नको. एवढंच. आम्ही तीन आठवडे ज्या गोष्टीवर घासाघीस करत बसलो ती पहिल्या दिवशी विचारलं असतं तर एका चहात मिटली असती.

काय केलं

रीतसर अर्ज केला. अर्ज करताना एक उपयोगाची गोष्ट कळली. कलम ११५ खालची बंदी महिन्याभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळेल अशी प्रसिद्धी पुरते. मग कायमचं मागण्यापेक्षा एक महिन्याची चाचणी मागितली. पट्टे मारून मिळाले, पेंटरचा बोर्ड आम्हीच काढला.

पहिला आठवडा फजितीचा. गाड्या सहाला याव्यात म्हटलं तर त्या पहाटे चारलाच येऊन व्हीनस कॉर्नरच्या बाजूला रांगेत उभ्या, कारण प्रत्येक ड्रायव्हरला पहिला नंबर पाहिजे. गल्ली मोकळी आणि मेन रोड तुंबलेला, म्हणजे आमचं दुखणं आम्ही शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. शेजारच्या लोकांनी तोंड सोडलं, बरोबरच होतं त्यांचं.

त्यावर उपाय तात्यांच्या पोरानं काढला. हायवेच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टवाल्याची मोकळी जागा भाड्यानं घेतली, मोठी गाडी तिथंच थांबायची, आणि गल्लीतली जागा मोकळी झाली की फोन करून एकेक गाडी आत सोडायची. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नाव ठेवलं "नंबर कुणाचा". रात्री आठपर्यंत दुकानदार पोती कळवणार, नऊला तात्यांचा पोरगा उद्याचे नंबर टाकणार. ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकणाऱ्याला काढून टाकायचं असा नियमच केला, हा एकच नियम पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळला गेला.

एक गाडी शनिवारी दुपारी आली. रविवारी लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार, त्या दिवशी मोठी गाडी आत घ्यायची नाही असं आम्हीच ठरवलेलं, म्हणजे ती सोमवारी पहाटेपर्यंत बाहेर उभी. ई-वे बिलाला साधारण दोनशे किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, तिची मुदत रविवारी रात्री संपली. सोमवारी पहाटे नंबर टाकताना कुणाच्या तरी लक्षात आलं, मुदत संपल्यापासून आठ तासांच्या आत वाढवता येते म्हणून वाचलो, नाहीतर वाटेत तपासणी झाली असती तर दंड मालाच्या किमतीच्या हिशोबात गेला असता. तेव्हापासून नंबर टाकताना बिलाची मुदतही लिहितात.

निर्णयाची दुसरी जागा: ज्यांना सहाला येता येत नाही

मोठ्या दुकानांत दिवाणजी आहे, नोकर आहेत, कुणीतरी सहाला येतं. पण गल्लीत मसाल्याचं एक छोटं दुकान आहे, बाई एकट्या चालवतात, पोरांचे डबे, शाळा उरकून साडेनऊला कुलूप उघडतात. त्यांची मिरचीची पोती मोठ्या गाडीतच इतरांच्या मालाबरोबर येतात. बैठकीत त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांची सात पोती ड्रायव्हरनं बंद शटरसमोर ठेवली आणि एक पोतं गेलं.

काय करायचं यावर दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. भुसारवाले अण्णा म्हणाले, "सारखा कसा, तुझ्याकडं सहा नोकर हायत आणि तिच्याकडं कोण हाय?" शेवटी असं ठरलं की शेजारचा गाळा त्यांचा माल मोजून आत घेणार, पोचेवर सही करणार, आणि कमी भरलं तर जबाबदारी शेजाऱ्याची. त्या गेलेल्या पोत्याचे पैसे वर्गणीतून दिले. अशी शेजाऱ्याची सही आता पाच-सहा दुकानांत चालते. पण खरं सांगायचं तर हे त्या शेजाऱ्याच्या भल्या स्वभावावर चाललंय, उद्या त्यांचं वाजलं तर काय हे कुणी ठरवलेलं नाही.

पत्र्याच्या दुकानवाल्यांनी मात्र पहिल्या दिवशीच अंग काढून घेतलं. पहाटे सहाला लोखंडी पत्रे उतरवायला लागलं की अख्खी चाळ जागी होते, त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांना दुपारी दोन ते चार सूट दिली.

काय झालं

महिन्याच्या शेवटी तोच पोरगा, तीच वही. डाळीची दहाचाकी: आली ६:४०, फाळका ६:५०, शेवटचं पोतं ८:०५, हलली ८:१५. एकशे सत्तरची पंच्याण्णव मिनिटं झाली. पोती उतरायला जवळपास तेवढाच वेळ लागला, पाच मिनिटं कमी, बाकी सगळं वाट बघण्यातलं वाचलं. वाराईचं भांडण मिटलं नाही, ते फक्त आदल्या रात्री फोनवर होतं, त्यामुळे रस्ता अडत नाही.

अकराची कोंडी बरीच कमी झाली. बारा-एकची झाली नाही, त्या वेळेला छोटे टेंपो एकदम येतात, किरकोळ दुकानदारांचा माल भरून न्यायला, आणि त्यांच्या वेळेचा विचार आम्ही केलाच नव्हता. सगळं लक्ष येणाऱ्या मालावर, जाणारा माल डोक्यातच नाही. मोटारसायकलींचं म्हणाल तर तीन पट्ट्यांपैकी दोन मोकळे राहतात, तिसऱ्यावर रोज कुणाची तरी असते आणि ती कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सगळी घडी विस्कटली. रवा, मैदा, तेलाचे डबे, साखर, एका दुकानाला दिवसाला दोन-दोन गाड्या, सहा ते नऊमध्ये बसणार कशा. त्या काळात बाहेरून टेंपोनं माल आणला, डबल हमाली सोसली.

महिन्याची चाचणी संपल्यावर बंदीही संपली, म्हणजे कागदावर आज काहीच नाही. तरी मोठ्या गाड्या नऊनंतर सहसा येत नाहीत, त्याचं कारण तात्या. साडेनऊनंतर पहाटेची टोळी पुढच्या गल्लीत कामाला जाते, आमच्याकडं मोठी गाडी आली तर उतरवायला पुरेशी माणसंच नसतात. वर्गणी देणारा तो साखरवाला एकदा दहाला गाडी घेऊन आला, दीडपर्यंत ड्रायव्हरबरोबर केबिनमध्ये बसून राहिला, नंतर त्यानं कधी नंबर चुकवला नाही.

परत करायचं झालं तर

तात्यांना पहिल्या बैठकीला बोलवेन, खुर्ची देऊन. मसालेवाल्या ताईंनाही. वही आधी, बोर्ड नंतर, किंवा बोर्ड नाहीच. आणि चाचणी पावसाळ्यात घेणार नाही, आमची नेमकी जुलैत पडली, ताडपत्री सोडायला वेळ लागतो, पोती भिजतात, आणि पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की सगळे एकदम माल वर चढवायला धावतात, मग कसला नंबर आणि कसली वेळ.

ड्रायव्हर लोकांना मात्र आम्ही शेवटपर्यंत विचारलं नाही. बाहेरच्या जागेत गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितलं, तिथं पाण्याचा नळ नव्हता, संडास नव्हता, दिवाही एकच. हे आम्हाला सांगितलं ते पावतीवाल्या त्याच ड्रायव्हरनं, पुढच्या खेपेला. काकांनी या वेळी चिडायच्या ऐवजी वर्गणीची वही मागवली. नळ आणि दोन संडास झाले, दिव्यासाठी मीटरचा अर्ज मीच लिहिला, तो अजून पडून आहे.